दोनशे पंधरावा शब्द

सभागृहाच्या वृत्तलेखन शाखेत बावीस वर्षे काढलेल्या गृहस्थाने नोकरीत एकच मागणी करावी, आणि तीही बढतीची किंवा खिडकीजवळच्या टेबलाची नव्हे, तर एका शब्दाची, यात वास्तविक कोणाच्या पोटात दुखण्याचे कारण नव्हते. शब्द मिळावा असेही त्यांचे म्हणणे नव्हते. असलेला एक शब्द बंद व्हावा, एवढेच होते. परंतु सरकारी कचेरीत नवी इमारत मागितली तर निदान ती कोणत्या खात्याकडे मागायची ते ठाऊक असते. शब्द बंद करायला खाते नाही.

या गृहस्थांना कचेरीत सगळे ‘पूर्णविराम’ म्हणत. सन्माननीय सदस्यांची वाक्ये सुरू होत आणि मग कुठेही भरकटत जात. त्यांना घरी आणून पोहोचवण्याचे काम यांचे. सभापतींच्या आसनाखाली जे अर्धवर्तुळाकार टेबल होते, तिथे दहा दहा मिनिटांच्या पाळीने वृत्तलेखक बसत आणि बोलला गेलेला प्रत्येक शब्द लघुलिपीत उतरवून घेत. नियम अठ्ठेचाळीस असा होता की, एखाद्या सदस्याचे बोलणे नोंदवता आले नाही, तर वृत्तलेखकाने पेन्सिल वर करावी. मग सभापती त्या सदस्याला थांबवतील आणि सदस्य आपले वाक्य सावकाश पुन्हा म्हणतील. इतर वृत्तलेखकांच्या पेन्सिली आठवड्यातून एकदोनदा वर जात. पूर्णविरामांची बावीस वर्षांत एकदाही गेली नव्हती. त्यांची पत्नी ही गोष्ट नव्या पाहुण्यांना आवर्जून सांगे, आणि पाहुणे चहाचा घोट घेत.

एका रविवारी सकाळी साडेदहा वाजता त्यांच्या लेकीने, जी दातांची डॉक्टर होती आणि म्हणून अप्रिय गोष्टी सांगण्याआधी समोरच्याला नीट बसवून घेत असे, आईबाबांना सोफ्यावर बसवले आणि आपण लग्न ठरवले आहे असे सांगितले. मुलगा पाणीपुरवठा विभागात अभियंता होता. शांत होता, उंच होता, आणि पुलापलीकडचा होता.

शहराचा मोठा पूल बांधायला तीन पिढ्यांपूर्वी जहाजांतून माणसे आणली होती. पूल पुरा झाला, जहाजे परत गेली, माणसे राहिली. त्यांचा रंग काळा, केस कुरळे, आणि आता त्यांची भाषा तीच, जी अलीकडच्यांची; तिच्यातल्या चुकाही त्याच. फक्त अलीकडच्यांकडे त्यांच्यासाठी एक शब्द होता. तो इथे लिहिता येणार नाही. का, ते पुढे कळेलच.

“पुलापलीकडचा?” पूर्णविराम म्हणाले. “म्हणजे तो...” आणि तो शब्द त्यांच्या तोंडून निघून गेला. रागाने नाही, द्वेषाने तर नाहीच. रिकाम्या जागी नेहमीची वस्तू ठेवावी तसा.

पत्नीने घाईघाईने साखरेचे भांडे उचलून परत तिथेच ठेवले. लेक मात्र शांतपणे म्हणाली, “बाबा, हा शब्द तुमच्या त्या बंदी घातलेल्या शब्दांच्या यादीत आहे का हो?”

“असणारच!” पूर्णविराम ताठ होत म्हणाले. “असल्या शब्दांना आमच्याकडे थारा नाही.”

“बरं झालं. कारण त्याचे वडील येणार आहेत. तीस वर्षं कोर्टात लघुलेखक होते ते. म्हणाले, घर, देणंघेणं, बाकीचं सगळं नंतर बघू. आधी तुझे वडील काम करताना बघतो, मग होकार देतो. महिनाअखेरच्या शुक्रवारी प्रेक्षक सज्जात बसणार आहेत.”

सोमवारी कचेरीत पोहोचताच पूर्णविरामांनी ‘असभ्य व अवमानकारक शब्दांची यादी’ काढली. तिच्यात दोनशे चौदा नोंदी होत्या. ‘लबाड’ होता, ‘घुबड’ होते. ‘गेंड्याच्या कातडीचा’ यास सक्त मनाई होती. नुसता ‘गेंडा’ मात्र वन्यजीवविषयक चर्चेसाठी मोकळा ठेवलेला होता. तो शब्द नव्हता. त्यांनी यादी शेवटाकडून वाचली. तरी नव्हता. आणि हा शब्द सभागृहात दर बैठकीला सरासरी चार वेळा उच्चारला जातो, हे त्यांच्याइतके नेमके कोणाला ठाऊक असणार? त्यांनीच तो लिहून घेतला होता.

ते उपसचिव बाईंकडे गेले. बाईंनी कपाटातून आठ रकान्यांचा एक नमुना काढला.

“शब्द कोणी उच्चारला?”

“जवळजवळ सगळ्यांनीच.”

“सगळ्यांनी चालत नाही. नाव लागतं. बरं, हरकत कोणी घेतली?”

“कोणीच नाही.”

“मग तो अवमानकारक कसा?” बाईंनी पेन खाली ठेवले. “अपमान झाला असता तर कोणीतरी ओरडलं असतं ना? दोनशे चौदा शब्दांपैकी एक दाखवा मला, जो ऐकून कोणी उठून उभं राहिलं नाही.”

“ज्यांचा अपमान होतो ते सभागृहात नाहीत, बाई. त्यांच्यातला एकही कधी निवडून आला नाही.”

“मग प्रश्नच मिटला,” बाई म्हणाल्या. पण त्या मुळात वाईट नव्हत्या. त्यांनी नमुना परत कपाटात ठेवला नाही. “असं करा. एखाद्या सदस्याकडून हरकत घ्यायला लावा. बैठकीत, शब्द उच्चारल्याबरोबर. तोवर मी फाइल उघडून ठेवते. विषय काय लिहू?”

इथे नवीच अडचण उभी राहिली. शब्द अवमानकारक असेल तर सरकारी फाइलीवर लिहिता येत नव्हता. आणि लिहिता येत असेल तर तो अवमानकारक नव्हता. अर्धा तास विचारविनिमय होऊन फाइलीवर ‘सदर शब्दाबाबत’ असे लिहिले गेले. तिसरा रकाना होता, ‘शब्द प्रथम कोठे व कोणाच्या मुखातून ऐकला’. पूर्णविरामांना आपली बैठकीची खोली, सोफा आणि साखरेचे भांडे दिसले. त्यांनी तो रकाना कोरा सोडला.

पत्नीला हे सांगणे म्हणजे जिन्याला सांगणे होते. संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक आणि तळमजल्यावरचे औषधवाले दोघेही मधल्या मजल्यावर, म्हणजे पूर्णविरामांच्या दाराशी, येऊन उभे राहिले.

“तुमचा गैरसमज झालाय,” मुख्याध्यापक म्हणाले. त्यांच्या नोकरीतली चाळीस वर्षे दुसऱ्यांचे गैरसमज दूर करण्यात गेली होती. “तो शब्द मुळात आदरार्थी आहे. मी व्युत्पत्ती सांगतो. आता बघा, ...” आणि त्यांनी तो शब्द फोडून, जोडून, विभक्ती लावून नऊ वेळा उच्चारला.

“आणि आम्ही तर प्रेमाने म्हणतो,” औषधवाले म्हणाले. “माझं अर्धं गिऱ्हाईक तेच आहे. आले की मी हाक मारतो, या हो! हसतात बिचारे.”

“ते तुम्हाला परत काय म्हणतात?” पूर्णविरामांनी विचारले.

“साहेब म्हणतात.”

“तेही प्रेमानेच असेल,” आतून लेकीचा आवाज आला.

मुख्याध्यापकांनी घसा साफ केला. “हे पाहा, तुम्हाला खरोखरच करायचं असेल तर सभागृहातल्या त्या चष्मेवाल्यांना गाठा. समतेवर त्यांच्याइतकं कोणी बोलत नाही. ते मिशीवाले बघा, तोंड उघडलं की तो शब्द. त्यांच्यावर हरकत घ्यायला चष्मेवाल्यांना आनंदच होईल.”

“मिशीवाल्यांची गाडी माझा मेव्हणा चालवतो,” औषधवाले अभिमानाने म्हणाले. हे वाक्य पूर्णविरामांनी त्या वेळी नीट ध्यानात घेतले असते, तर पुढचे पुष्कळ टळले असते.

चष्मेवाल्यांच्या कार्यालयाच्या भिंतींवर ते निरनिराळ्या रंगांच्या माणसांना मिठ्या मारत असल्याचे फोटो होते. पूर्णविरामांचे म्हणणे ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले.

“माझ्या काळजाला घरं पडली आहेत हो,” ते म्हणाले. “किती वर्षं मी हा शब्द ऐकतोय!”

“अकरा,” पूर्णविराम सवयीने म्हणाले. “आणि त्यांत आपण स्वतः सहा वेळा...”

“तो संदर्भ वेगळा होता.” चष्मेवाले कोपऱ्यातल्या स्वीय सहायकाकडे वळले. “पुलापलीकडे मतदार किती रे?”

“एकोणीस हजार, साहेब. आधी आपल्याकडे नव्हते. मतदारसंघाची हद्द बदलल्यापासून आपल्यात आलेत.”

चष्मेवाल्यांनी चष्मा परत घातला. आता त्यांना स्पष्ट दिसत होते. “मंगळवारी मिशीवाले पाणीपुरवठ्यावर बोलणार आहेत. तिसऱ्या मिनिटाला शब्द येईल. आला की मी उठलोच समजा.”

मंगळवारी पूर्णविरामांनी आपली पाळी बदलून घेतली आणि ते टेबलाशी बसले. मिशीवाले उठले. पहिले मिनिट नळांचे झाले, दुसरे गळतीचे. तिसरे मिनिट आले आणि शब्द आला नाही. पाचव्याला मिशीवाले म्हणाले, “आपले पुलापलीकडचे बंधू.” चष्मेवाले अर्धवट उठून खाली बसले. असे ते चार वेळा उठले आणि बसले. बावीस वर्षांत प्रथमच पूर्णविराम त्या शब्दाची आतुरतेने वाट पाहत होते, आणि हे ध्यानात येताच त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

नवव्या मिनिटाला मिशीवाल्यांनी हात छातीवर ठेवला. “सभापती महाराज, माझ्या काळजाला घरं पडली आहेत! एक शब्द या सभागृहात वर्षानुवर्षं उच्चारला जातो. मी ठराव मांडतो, की तो शब्द कायमचा बंद करावा!”

गाडी चालवणाऱ्या मेव्हण्याने आपले काम चोख केले होते. हद्दीचा नवा नकाशा मिशीवाल्यांकडेही होता, आणि एकोणीस हजारांतले निम्मे त्यांना त्यांच्या बाजूला दिसत होते.

“हरकत!” चष्मेवाले गरजले. आठवडाभर तयारी केली होती, ती तोंडातून बाहेर पडली. सगळे सभागृह त्यांच्याकडे पाहू लागले. कशाला हरकत, हे आता त्यांना जागच्या जागी शोधावे लागणार होते. एवढ्याने डगमगेल तो नेता कसला? “हरकत आहे! आज एक शब्द बंद कराल, उद्या दुसरा. ही भाषेची गळचेपी आहे! माणसाला बोलू दिलं पाहिजे!”

त्यानंतर दोन दिवस चर्चा झाली. ज्यांनी तो शब्द आयुष्यभर वापरला ते त्याच्याविरुद्ध बोलले, आणि ज्यांनी त्याच्याविरुद्ध लेख लिहिले होते ते त्याच्या बाजूने. बंदी घालायची तर कशाला घालायची ते स्पष्ट हवे, म्हणून एक बाजू शब्द उच्चारी. आणि बोलण्याचे स्वातंत्र्य आहे हे दाखवायला दुसरी बाजू त्याहून मोठ्याने उच्चारी. एरवी बैठकीला चारदा येणारा शब्द बुधवारी एकशे सतरा वेळा आला. पूर्णविरामांनी इतरांच्या पाळ्याही मागून घेऊन एकशे सतरा वेळा तो लिहिला. मधल्या सुट्टीत त्यांनी मनगट गरम पाण्यात बुडवून ठेवले. आपण एक नळ बंद करायला गेलो आणि टाकीच फोडून बसलो, असे त्यांना वाटू लागले.

गुरुवारी सकाळी मिशीवाले स्वतः वृत्तलेखन शाखेत आले. सदस्यांना आपल्या भाषणाचा टंकलिखित मसुदा तपासून ‘किरकोळ भाषिक दुरुस्त्या’ करण्याची मुभा होती. पण ती ताज्या भाषणांपुरती. मिशीवाल्यांना गेल्या चौदा वर्षांचे खंड हवे होते.

“जिथे जिथे तो शब्द आहे, तिथे ‘बंधू’ घाला.”

“साहेब, वाक्य बिघडेल,” पूर्णविराम काकुळतीला येऊन म्हणाले. त्यांनी एक खंड उघडून वाचून दाखवले. “‘या बंधूंना पुलापलीकडेच कोंडून ठेवले पाहिजे. आमच्या विहिरींवर हे बंधू दिसले, तर आम्ही स्वस्थ बसणार नाही.’”

मिशीवाल्यांनी डोळे मिटून ऐकले. “छान लागतंय की,” ते म्हणाले. “त्यात आता माया आली.”

दुपारी व्हरांड्यात चष्मेवाले फोनवर बोलताना दिसले. “अरे, त्यांना समजावून सांग. ठरावाला माझा विरोध तात्त्विक आहे. भाषणासाठी आहे. उद्या मत बाजूनेच देणार आहे, आतला आवाज म्हणून. त्या...” आणि सहज, नेहमीच्या रिकाम्या जागी, तो शब्द आला. तेवढ्यात त्यांना पूर्णविराम दिसले. फोनवर हात ठेवून त्यांनी विचारले, “तुम्ही आत्ता कामकाजाच्या बाहेर आहात ना?”

“हो.”

“मग ठीक आहे.”

पूर्णविराम पाच फुटांवरून या माणसांकडे बावीस वर्षे पाहत आले होते. ती माणसे खोटे बोलत होती असे म्हणून सुटता येत नव्हते, हीच खरी पंचाईत होती. मिशीवाल्यांच्या डोळ्यांत मंगळवारी खरेच पाणी आले होते. चष्मेवाल्यांचा गळा खरोखरच दाटला होता. त्यांची कळकळ खरी होती, फक्त तिला भाषणाइतकेच आयुष्य होते. जागेवर बसले की ती संपे. आणि आपली? पूर्णविरामांनी स्वतःला विचारले आणि लगेच विचारल्याचा पश्चात्ताप झाला. बावीस वर्षे त्यांना या शब्दाने काही झाले नव्हते. त्यांच्या काळजाला घरे पडण्याची वेळही ठरलेली होती: रविवार, सकाळी साडेदहा.

एवढ्यात ‘सदर’ हा शब्द कचेरीत चांगलाच रुळला होता. मूळ शब्दाची चौकशी चालू असल्याने तो मोठ्याने म्हणण्याची चोरी झाली होती. म्हणून शिपाई ‘सदर फाइल’ म्हणत, कारकून ‘सदर प्रकरण’ म्हणत, आणि गुरुवारी संध्याकाळी उपाहारगृहात दोन्ही बाजूंचे सदस्य एका टेबलाशी बसून ‘ती सदर मंडळी’ असे म्हणून एकमेकांना टाळ्या देत होते.

शुक्रवार उजाडला. प्रेक्षक सज्जाच्या पहिल्या रांगेत लेकीशेजारी एक उंच, पांढऱ्या कुरळ्या केसांचे, काळेभोर गृहस्थ येऊन बसले. कोट जुना, पण इस्त्री अशी की घडीवर बोट कापावे. सभागृहात कोण बोलते आहे याकडे त्यांचे लक्ष नव्हते. ते वरून पूर्णविरामांचा हात पाहत होते. हे होणारे व्याही.

ठराव एकमताने मंजूर झाला. चष्मेवाल्यांनी आतला आवाज ऐकला. मग सभापतींनी जाहीर केले, की शब्द आता निषिद्ध असल्याने तो संपूर्ण चर्चेतून काढून टाकण्यात येत आहे. त्यामुळे दोन दिवसांचे कामकाज इतिवृत्तात असे दिसणार होते: ‘“.....” हा शब्द अत्यंत हीन आहे,’ आणि त्यावर उत्तर, ‘“.....” म्हणण्याचा आमचा अधिकार आहे.’ ठरावातूनही तो गेला. पूर्णविरामांनी यादीकडे धाव घेतली. उपसचिव बाईंनी दोनशे पंधरावी नोंद स्वहस्ते केली होती. नोंदीच्या जागी पाच टिंबे होती.

“बाई, यावरून कोणाला काय कळणार?”

“निषिद्ध शब्द यादीत लिहिला तर यादीच निषिद्ध होईल.”

“मग ‘घुबड’ कसं लिहिलंय?”

“ते जुन्या नियमाने.”

मधल्या सुट्टीत लेक व्याह्यांना वृत्तलेखन शाखेत घेऊन आली. मिशीवाले आणि चष्मेवाले दोघेही त्यांच्या डावी-उजवीकडे उभे राहून फोटो काढून गेले होते. व्याह्यांच्या कोटाची घडी खांद्यावर थोडी मोडली होती. चहा आला. व्याह्यांनी इकडचे तिकडचे काही विचारले नाही. “वही बघू?” म्हणाले.

लघुलेखकाची वही दुसऱ्या लघुलेखकाने मागणे म्हणजे शल्यविशारदाने दुसऱ्याचे टाके तपासणे. पूर्णविरामांनी ती दिली. व्याह्यांनी बुधवारचे पान काढले. बोट ओळींवरून सरकू लागले, आणि एका ठिकाणी थांबले. मग पुढच्या ओळीत. मग त्याच्या पुढच्या.

“ही आकडी पुस्तकात नाही.”

तांदळाच्या दाण्याहून लहान अशी ती त्या शब्दाची आकडी होती. लघुलिपीत जो शब्द वारंवार येतो, त्याला लेखक आपली स्वतःची छोटी खूण बसवतो. हात वाचावा म्हणून. क्वचित येणाऱ्या शब्दाला कोणी खूण करीत नाही.

“नाही,” पूर्णविराम म्हणाले. “माझी आहे.”

“केव्हाची?”

“नोकरीच्या पहिल्या वर्षातली.”

लेक दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. तिला लघुलिपी येत नव्हती, पण बापाचा चेहरा वाचता येत होता.

व्याह्यांनी आकडीवर बोट ठेवूनच चहाचा घोट घेतला. “बसवली छान आहे. माझी जरा मोठी होती. कोर्टात वकिलांच्या तोंडी फार यायचा. मग न्यायाधीश माझ्याकडे बघून म्हणायचे, ‘तुम्हाला उद्देशून नाही हं.’ मी तेही लिहून घ्यायचो.” त्यांनी वही मिटली आणि दोन्ही हातांनी परत दिली. “पुष्कळ वेळ वाचला असेल तुमचा.”

यात टोमणा होता की नाही, हे पूर्णविरामांना अखेरपर्यंत ठरवता आले नाही. टोमणा असता तर बरे झाले असते. होकाराबद्दल व्याही काहीच बोलले नाहीत. घंटा झाली.

दुपारी आभाराची भाषणे होती. पूर्णविरामांची पाळी लागली तेव्हा मिशीवाले उभे होते. “आज या सभागृहाने इतिहास घडवला,” ते सांगत होते. “द्वेषाचा शेवटचा शब्द आपण गाडला! आणि मला आनंद आहे, की हा क्षण पाहायला आज आपल्या प्रेक्षक सज्जात...” त्यांनी वर हात केला, मिशीआडून हसले, आणि एक डोळा बारीक केला, “ती सदर मंडळीसुद्धा आलेली आहेत!”

सभागृह खो खो हसले. चष्मेवाल्यांनी तर बाक वाजवला.

पूर्णविरामांचा हात चालूच होता. ‘मंडळीसुद्धा आलेली आहेत’ पर्यंत तो पोहोचलाही होता. आणि मग त्यांनी खाली पाहिले. ‘सदर मंडळी’च्या जागी त्यांच्या हाताने, त्यांना न विचारता, एक नवी छोटीशी आकडी काढली होती. हाताला अनुभव होता. हा शब्द आता वारंवार येणार, हे त्याने सर्वांच्या आधी ओळखले होते.

पूर्णविरामांची पेन्सिल वर गेली.

सभापतींना आधी काही कळेना. शेजारच्या वृत्तलेखकाने, यांना चक्कर आली असावी, असे समजून पाण्याचा पेला पुढे केला. पेन्सिल वरच होती.

“काय झालं, पूर्णविराम?” सभापतींनी सगळे शिष्टाचार विसरून विचारले.

पूर्णविराम उभे राहिले. वाक्य बावीस वर्षे पाठ होते. “नियम अठ्ठेचाळीस, सभापती महाराज. नोंद पुरी होऊ शकली नाही. सन्माननीय सदस्यांनी शेवटचं वाक्य सावकाश पुन्हा म्हणावं.”

हसू विरत गेले. सज्जातल्या वार्ताहरांनी माना पुढे काढल्या.

“मी म्हणालो,” मिशीवाले म्हणाले, “आपले बंधू आलेले आहेत.”

“तसं ऐकू आलं नाही, सभापती महाराज.”

“पाहुणे. पाहुणे म्हणालो.”

“तसंही नाही. ‘आहेत’च्या आधीचे शब्द हवेत. आणि ते कोणाला उद्देशून आहेत, तेही. म्हणजे पूर्ण लिहिता येईल.”

मिशीवाल्यांनी वर सज्जाकडे पाहिले. वरून काळाभोर, शांत चेहरा त्यांच्याकडे पाहत होता. त्यात राग नव्हता, नोंद घेणाऱ्यासारखी नुसती वाट पाहण्याची तयारी होती. शब्द तोच होता, दोन मिनिटांपूर्वी सहज निघालेला. सावकाश, एकट्याने, त्या चेहऱ्याकडे बघत तो काही केल्या निघेना. मिशीवाल्यांनी चष्मेवाल्यांकडे पाहिले. चष्मेवाले चष्मा पुसत होते.

मिशीवाले खाली बसले.

पूर्णविरामही बसले. नव्या आकडीवर त्यांनी आडवी रेघ मारली, ते दोन्ही शब्द पूर्ण, एकही अक्षर न गाळता लिहिले, आणि पुढे लिहिले: ‘सन्माननीय सदस्य वाक्याचा पुनरुच्चार न करता खाली बसले.’ मग टिंब दिले.

सोमवारी खुलासा मागवणारे पत्र येणार, हे त्यांना तिथेच दिसत होते. बावीस वर्षांचा विक्रम तर गेलाच होता; आता पाहुण्यांना सांगायचे काय, हा प्रश्न पत्नीपुढे उभा राहणार होता. संध्याकाळी सभागृहाच्या फाटकाशी लेकीबरोबर व्याही भेटले तेव्हा पूर्णविरामांनी काही बोलायच्या आतच ते म्हणाले, “ती जुनी आकडी?”

“काढून टाकतो.”

“वहीतून जाईल. हातातून लगेच जायची नाही. माझीही अजून गेलेली नाही.” थोडे चालून गेल्यावर ते म्हणाले, “पेन्सिल उशिरा वर गेली तुमची. पण हलत नव्हती. चला, चहा घरी घेऊ. लग्नाचं बोलायचं तर बसून बोलावं.”

लेकीने बापाचा हात धरला. घरी पोहोचून तिघे जिना चढू लागले. मधल्या मजल्यावर, पूर्णविरामांच्या दाराशी, पत्नीकडून बातमी लागलेले निवृत्त मुख्याध्यापक इस्त्रीचा सदरा घालून स्वागताला उभे होते. व्याह्यांना पाहताच त्यांचा चेहरा मायेने फुलला.

“या, या! तुमचीच वाट पाहत होतो. यांचा फार गैरसमज झालाय बरं का. तो शब्द मुळात आदरार्थी आहे. मी व्युत्पत्ती सांगतो...”

पूर्णविरामांनी खिशातून पेन्सिल काढली आणि वर केली.